गौरबायची जागा

"अभिनंदन ताई, तुमची गौरबाय सुटली," असं म्हणत माझा सहकारी इरफान मुकादम माझ्या खोलीत आला आणि हातातला पातळ पडदा त्याने टेबलावर पसरला.

पडद्यावर कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राचा नकाशा होता आणि त्यावर हिरवे ठिपके. एक दाट पुंजका माझ्या माहेरच्या निवतळे गावावर. बाकीचे, निवडलेल्या तांदळाचं ताट हातातून कलंडावं तसे सगळीकडे सांडलेले. देवगड, कणकवली, पनवेल, डोंबिवली, विरार.

"डोंबिवली?" मी म्हटलं.

"गावात राहून काय करणार बिचारी! फ्लॅट घेतला असेल." इरफान हसला. "मस्करी सोडा. इतक्या ठिकाणी सापडणारं झाड दुर्मीळ कसलं? यादीतून नाव कमी झालं. आता तिच्यासाठी सडा राखायला नको. चांगली बातमी आहे, ताई. चेहरा का असा?"

चेहरा कसा होता कोण जाणे. आनंद व्हायला हवा होता आणि थोडा झालाही. त्याच भरात मी माहेरी वहिनीला फोन लावला आणि सांगून टाकलं, आपली गौरबाय पार मुंबईपर्यंत पोचलीय म्हणून. तिचा आवाज इतका फुलला की फोन ठेवल्यावरही तो बराच वेळ माझ्या कानात राहिला.

गौरबाय म्हणजे तेरड्याच्या कुळातलं एक वीतभर झाड. फिक्या गुलाबी फुलाचं, पिवळ्या गळ्याचं. निवतळ्याच्या सड्यावर उगवतं. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं पठार. आठ महिने नुसता काळा तापलेला कातळ, आणि पावसाळ्यात त्याच कातळावरच्या बोटभर मातीत फुलांचा गालिचा. आजूबाजूच्या गावांतून, अगदी लागून असलेल्या खालच्या वाडीतसुद्धा, भाद्रपदात तेरड्याची गौर आणतात. मुळासकट उपटलेल्या झाडांची जुडी बांधायची, तिला मुखवटा लावायचा, साडी नेसवायची, की झाली गौर. आमच्या गावात मात्र तेरडा चालत नाही. आमची गौर या झाडाची, म्हणून झाडाचं नावच गौरबाय.

सरकारने सड्यांवर सौरक्षेत्रं उभारायला घेतली त्याला आता काही वर्षं झाली आहेत. वीज सगळ्यांनाच हवी. माझा भातही त्याच विजेवर शिजतो, तेव्हा मी तक्रार करत नाही. सगळे सडे राखता येणार नाहीत हे आधीच ठरलेलं होतं. कोणते राखायचे, ते सांगायचं काम आमच्या वनस्पती मंडळाकडे आलं, आणि त्यासाठी मातीवाचक यंत्र आलं.

पूर्वी दुर्मीळ झाड शोधायचं म्हणजे ते फुलावर असेल त्याच पंधरवड्यात, भर पावसात, सड्यावर ओणवं होऊन हिंडायचं. आता चमचाभर माती पुरते. प्रत्येक झाड आपल्या जागी सतत काही ना काही सांडत असतं. पान कुजतं, मुळाची साल सुटते, पराग झडतात. त्या प्रत्येक कणात त्या झाडाचा डीएनए असतो आणि मातीत तो वर्षानुवर्षं टिकतो. यंत्र तो वाचतं आणि इथे कोण कोण राहतं ते सांगतं. उडती यंत्रं रानातून माती आणतात, शहरांत नगरपालिकेची माणसं बागांतून नमुने गोळा करतात. साऱ्या राज्याची माती अशी दर पावसाळ्यात वाचली जाते.

यंत्राचं दुसरं काम जास्त कठीण. ते प्राधान्य लावतं. साथीत गावात एकच डॉक्टर असला, तर तो आधी कुणाकडे जाईल? आपोआप बरा होईल त्याच्याकडे नाही. काहीही केलं तरी जाणार त्याच्याकडेही नाही. ज्याच्याकडे गेल्याने फरक पडेल, त्याच्याकडे. यंत्रही तेच करतं. झाड किती दुर्मीळ आहे एवढंच पाहत नाही. त्याची जागा राखली तर काय होईल आणि नाही राखली तर काय होईल, यातला फरक मोजतं. ज्यांच्या बाबतीत फरक मोठा, त्यांची जागा राखायची. ज्यांच्या बाबतीत लहान, त्यांचं बी काढून शीतकोठीत ठेवायचं आणि जमीन सोडून द्यायची. राखायच्या जागा ठरलेल्या. एक आत आलं की एक बाहेर जातं.

हे सगळं मला मान्य होतं. मीच तर ते सभांमधून समजावत फिरत असे.

इरफान गेल्यावर मी नकाशा पुन्हा पुढे ओढला. पुण्यात एकच ठिपका होता. मी तो मोठा केला. रस्ता ओळखीचा वाटला. अजून मोठा केला. आमच्याच सोसायटीची मागची बाग होती ती. जिथे मी दर वर्षी तुळशीची कुंडी बदलताना जुनी माती नेऊन टाकते.

मी खुर्चीत मागे टेकले, आणि मग एकेक ठिपका आपोआप उलगडत गेला. आमच्याकडे गौरीचं विसर्जन सड्यावरच्याच कोंडीत, म्हणजे कातळातल्या पाण्याच्या डबक्यात होतं. येताना त्या कोंडीतली मूठभर माती आणायची आणि घराच्या चारी कोपऱ्यांत, धान्याच्या कणगीत, परसात, तुळशीत टाकायची. देवी गेली तरी तिचं पाऊल घरात राहावं म्हणून. चाकरमानी तीच माती पुडीत बांधून मुंबईला नेतात. मीही नेते. रोज सकाळी चहाच्या आधी मी ज्या तुळशीला पाणी घालते, तिच्या बुंध्याशी निवतळ्याची माती आहे. यंत्राने ती वाचली आणि जाहीर केलं की गौरबाय पुण्यात राहते.

ते ठिपके झाडाचे नव्हते. आमच्या श्रद्धेचे होते.

इरफानला सांगितलं तेव्हा त्याची मस्करी थांबली. "सिद्ध करावं लागेल, ताई. नुसतं 'आमच्यात अशी पद्धत आहे' म्हणून यंत्र ऐकणार नाही."

सिद्ध करायची वाट होती. डीएनए म्हणजे पितळेच्या भांड्यावर कोरलेलं नाव. आजीचं भांडं आजी गेल्यावर कुणाच्याही घरी सापडू शकतं. त्यावर नाव आहे म्हणून आजी तिथे राहते असं होत नाही. पण जिवंत पेशी आणखी एक गोष्ट करत असते. रोजच्या कामासाठी ती आरएनए नावाचे छोटे निरोप लिहिते आणि लगेच पुसते. ती दारातली रांगोळी समजा. आजची ताजी रांगोळी दिसली तर नक्की ओळखावं, आत कुणीतरी आहे. मातीतला आरएनए वाचायची चाचणी खर्चिक आणि नाजूक असते, माती गोठवून आणावी लागते. श्रावणात, रोपं रुजून वर आलेली असताना, आम्ही ती केली. परसांत, बागांत, डोंबिवलीत, माझ्या तुळशीत. सगळीकडे भांडी होती. रांगोळी फक्त एका सड्यावर.

दुरुस्त माहिती यंत्रात घातली तेव्हा माझी समजूत होती की गौरबाय आता राखायच्या यादीत येईल. आम्ही पडद्याकडे बघत बसलो. नाव 'सुरक्षित'मधून निघालं, मधली, राखायची यादी ओलांडून गेलं आणि थेट शीतकोठीच्या यादीत जाऊन थांबलं.

"असं कसं?" इरफान म्हणाला.

मला कळलं होतं. झाड एकाच सड्यावर, आणि त्या सड्यावरून ते दर वर्षी फुलावर असतानाच, बी धरायच्या आधी, मुळासकट उपटलं जातं. सडा राखला तरी उपटणं चालूच राहणार. म्हणजे राखून फरक किती पडणार? थोडाच. यंत्राचं काही चुकत नव्हतं.

इरफानने एक रकाना उघडला. 'माणसांकडून उपटणं: चालू, थांबलं.' त्याने नुसतं करून पाहावं म्हणून 'थांबलं' निवडलं. गौरबाय उडी मारून राखायच्या यादीत गेली, अगदी शेवटच्या जागेवर. त्याने ते पुन्हा 'चालू' केलं.

"गणपतीच्या सुट्टीनंतर यादी कायम होतेय," तो हळूच म्हणाला. "ताई, 'थांबलं' लिहून टाका. कोण बघायला येणार आहे? आणि चांगल्यासाठीच आहे की."

"इरफान, रोजा धरलेला असताना तू आडोशाला जाऊन पाणी पितोस का? तिथेही कोण बघायला येतं?"

त्याने रकाना बंद केला. मग म्हणाला, "मग जाऊन थांबवूनच या."

*

"इलंस? ये. हात-पाय धू आधी. चाय घी, मगे काय ता बोल."

सुनेत्रावहिनी ओटीवर नव्या सुपांना हळद लावत बसली होती. दादा आत गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला नारळ-सुपाऱ्या बांधत होता. घरात नवी सून आली होती, मैथिली. सांगलीची, बोलायला मोकळी. ती सुपं एकावर एक रचत म्हणाली, "आत्या, बघा ना, आई मला हातसुद्धा लावू देत नाहीत. ओवसा माझा आणि सुपं यांची."

गौरी पावसाच्या पूर्वा नक्षत्रात आल्या तरच आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो. ती फळं-फुलांनी भरलेली सुपं गौरीसमोर ओवाळते, थोरामोठ्यांना देते, आणि त्या दिवसापासून ती या घरची. नाही तर थांबायचं. कधी कधी दोन-तीन वर्षंसुद्धा थांबावं लागतं. यंदा योग होता. वहिनीने त्यासाठी चैत्रापासून तयारी चालवली होती.

चहा झाला. मैथिली आत गेली. मी म्हटलं, "वयनी, औंदा गौर उपटू नको."

वहिनीचा हात सुपावर थांबला. "काय म्हणालंस?"

मी सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून, पितळेची भांडी आणि रांगोळीसकट सगळं सांगितलं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल होत गेला.

"गेल्या म्हयन्यात तूच फोन करून सांगलंस, गौरबाय सगळीकडे गावली म्हणान. मी वाडीभर सांगत सुटलंय, आमची देवी मुंबैत पोचली. आता म्हणतंस खंयच नाय! तुझां यंत्र काय वाऱ्यावरचां पान?"

"ती माती होती, वयनी. विसर्जनाची. आपण घरात शिंपडतो ती."

"म्हंजे मी देवीची माती घरात टाकलंय, ह्यो माझो गुन्हो?"

"गुन्हो कसलो गो. मी पण टाकतंय."

"मगे चुकलां यंत्र आणि उपास माका?" तिने सूप बाजूला ठेवलं. "माहेरवाशिणीक दारातसून परत धाडू? आणि ह्यां माका सांगता कोण, तर दुसरी माहेरवाशीण! तुका असां कोणी परत धाडल्यान तर?"

दर वर्षी गौरीबरोबर मीही या घरी येते आणि गौरीबरोबरच परत जाते. लग्न होऊन गेले त्या वर्षापासून वहिनीने त्यात एकदाही खंड पडू दिलेला नाही. माझी कामं निघाली तेव्हा गाडी करून मला आणवलं आहे.

"सडो आधी केदो होतो ता आठव," मी म्हटलं. "अर्धो चिरेखाणीत गेलो. घरां उलट वाढली. चाकरमानी एकेक जुडी घेऊन जातत. फुलावर असतानाच उपटलां तर बी धरतलां कधी?"

"ता सगळां खरां असात. पण माझ्या पोरीचो ओवसो तेरड्यासमोर करू? खालच्या वाडयेसारखो?" तिचा आवाज खाली आला. रागापेक्षा ते मला जड गेलं. "माझो ओवसो तीन वर्सां रवलो हुतो, हेमा. तीन वर्सां मी ह्या घरात पावणी. कोणी बोलूक नाय, पण माका ठाऊक. ह्या पोरीचा तसां होऊ नये म्हणान मी पंचांग बघून लगीन काढलंय."

मी तिने बाजूला ठेवलेलं सूप तिच्याकडे सरकवलं.

"तू तुझां काय ता लिही," वहिनी म्हणाली. "माका इचारू नको. देवीच्या नावान मी खोटां बोलूचंय नाय, तुका पण बोलूक सांगूचंय नाय."

मग तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. माझंही ठरलं. 'चालू' असं लिहायचं. आपल्या माहेरचं झाड म्हणून खोटं लिहिलं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या माहेरच्या झाडाला मी काय तोंड दाखवणार होते?

*

गौर आणायच्या दिवशी सडा निळ्या-जांभळ्या फुलांनी भरला होता आणि खळग्यांतल्या पाण्यात ढग उतरले होते. गावातल्या बायका नव्या साड्या नेसून, ताटं घेऊन चढत होत्या. मी मागे राहिले होते. मैथिली माझ्या शेजारून चालत होती; तिच्या हातात मुखवट्याचं तबक होतं.

आमच्या गावात पहिली जुडी आमच्या, तावड्यांच्या घरची. तो मान. तावड्यांच्या सुनेने पहिली गौर उपटल्याशिवाय दुसरी बाई झाडाला हात लावत नाही; मग ती कितीही मोठी असो, कितीही घाईत असो. वहिनी पुढे झाली. कोंडीच्या कडेला गौरबाय उगवते तिथे बसली. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. एका झाडाचा बुंधा तिने चिमटीत धरला.

आणि तशीच बसून राहिली.

बायका थांबल्या. कुणीतरी गाणं म्हणत होतं, तेही थांबलं. वारा होता. झाडांची फुलं डुलत होती आणि वहिनीच्या चिमटीतलं झाड तेवढं स्थिर होतं.

"सुनेत्रा, हात आखडलो काय गो?" गावातल्या सगळ्यांत थोरल्या सुंदराकाकीने विचारलं. दोघी-तिघी हसल्या.

"आखडूक नाय, काकी."

"मगे ओढ की. वेळ टळता. घराकडे घावनां-घाटलां निवता."

वहिनी इकडेतिकडे बघत होती. जरा वेळाने म्हणाली, "काकी, माझ्या ओवशाक आपण हय इलंव, तेव्हा पाय ठेवूक जागा नव्हती. आठवता?"

"आठवता तर! तू घसरलंस आणि गौरीवरच बसलंस. तुझ्या सासवेन कपाळाक हात लावल्यान."

आता सगळ्याच हसल्या. वहिनीही हसली. मग म्हणाली, "आता बघा. एक धरूक माका सोधूचा लागलां."

बायकांनी बघितलं. दर वर्षी याच जागी त्या येत होत्या, पण येताना जुडीकडे बघत होत्या आणि जाताना मागे वळून बघायचं नसतं. जमिनीकडे असं कुणी बघितलं नव्हतं. झाडाझाडांच्या मधून कातळ दिसत होता. मीही बघत होते. हा आकडा माझ्या संगणकात होता, पण बायकांच्या घोळक्यात उभं राहून तो मी पहिल्यांदाच पाहिला.

"मी उपटलंय की तुमी सगळ्यो उपटतल्यात," वहिनी म्हणाली. "मी नाय उपटलंय तर?"

सगळ्यांनी सुंदराकाकीकडे बघितलं. शेवटी सुंदराकाकी म्हणाली, "तर आमचे हात बांधलेले. मान तावड्यांचो."

"मगे ऱ्हवांदेत बांधलेले." वहिनीने चिमूट सोडली. झाड थरथरून सरळ झालं. "मान म्हंजे नुसतो आधी उपटूचो मान नाय. आधी थांबूचो पण."

कल्लोळ झाला. कुणी म्हणालं, देवीचा कोप होईल. कुणी म्हणालं, मुंबईहून एवढा खर्च करून आलो ते काय रस्त्यावरचा तेरडा घरी न्यायला? एकीने तर तिथल्या तिथे डोळ्यांना पदर लावला. सुंदराकाकी माझ्याकडे वळली. "आणि हेमाबाय, तुझ्या सरकाराचो जीव आता थंड झालो?"

मी मान खाली घातली. माझा जीव थंड झाला नव्हता. मला मैथिलीकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

मैथिलीच पुढे झाली. "आई, मग माझा ओवसा? तेरड्यासमोर केला तर नाही का चालणार?"

वहिनी उठली. तिने पोरीच्या हातातलं तबक सरळ केलं. "पावणी म्हणान तेरड्याची गौर चालात. मुखवटो तोच, साडी तीच. पण ओवसो घराण्याचो, तो घराण्याच्या गौरीसमोर. पुढल्या येळेक पूर्वा नक्षत्र येतलां, तेव्हा ही हय भरान ऱ्हवली असली तर एक मागान घेऊ. नसली तर..." ती थांबली. "तोपर्यंत तू नवीच."

"म्हणजे अजून पाहुणीच?"

"पावणी. मान तुझो, कामां माझी."

मैथिलीने क्षणभर विचार केला. "भांडीसुद्धा?"

"भांडी पण, मेल्ये!"

बायकांत हसू फुटलं, पण वहिनीचे डोळे भरलेले मला दिसले. जे आपल्या वाट्याला आलं आणि टोचत राहिलं, तेच तिने आपल्या हाताने सुनेच्या वाट्याला घातलं होतं. उतरताना वाटेवर बायकांनी तेरडा उपटला. सुंदराकाकी जुडी बांधता बांधता पुटपुटत होती, "झाली, आमची पण खालची वाडी झाली."

*

त्याच दुपारी मी 'थांबलं' लिहिलं. जरा वेळाने इरफानचा फोन आला.

"बसली, ताई! शेवटची जागा, पण पक्की."

"आणि उठलं कोण?"

तो थोडा घुटमळला. "आंबेखोलचा गेंद."

आंबेखोलच्या सड्यावरचा तो गेंद मी पाहिला होता. नखाएवढं झाड, वर मोहरीएवढा पांढरा गोंडा. एका खळग्यात राहतं, जगात दुसरीकडे कुठे नाही. तिथे त्याला कुणी उपटत नव्हतं, कारण तिथे त्याला कुणी ओळखतच नव्हतं. कुठल्या सणाला लागत नाही, गुरं खात नाहीत, औषधाला येत नाही. मराठीत त्याला वेगळं नावही नाही. गौरबायपेक्षा त्याचा फरक केसभर कमी भरला, एवढंच. हिशेब बरोबर होता. मी तो तपासला, आणि तपासत असतानाच मला कळत होतं की चूक निघावी अशी माझी इच्छा आहे. निघाली नाही.

पूजेच्या दिवशी वहिनी म्हणाली, "गौरबायक जागा गावली ना? मगे तोंड कित्या पाडलंस?"

मी तिला सांगितलं.

ती पुरण वाटत होती, वाटतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आपण कोणाचातरी पाट ओढून घेतलो."

"असां नाय म्हणूचां, वयनी. जागा कमी होते."

"पाट कमी असले तरी ओढून घेतलो ता घेतलोच." आणखी थोड्या वेळाने तिने विचारलं, "तेचा काय करतले आता?"

"बी काढून नेतले. पुण्याक, थंड कोठीत ठेवतले. मगे सडो सौरक्षेत्राक."

"म्हंजे घर सोडून चलली. कायमची."

"हो."

"आणि कोणी ओटी भरूक नाय?"

वहिनीने मैथिलीला हाक मारली आणि ओवशासाठी आणलेल्या खणांतला एक बाजूला काढून ठेवायला सांगितलं.

विसर्जन झालं, यादी कायम झाली, आणि आम्ही तिघी आंबेखोलला गेलो. इरफान आणि त्याची माणसं आधीच पोचली होती. खळग्याभोवती दोरी लावून ते वाकून एकेक गोंडा चिमट्याने कापडी पाकिटात टाकत होते. थोड्या अंतरावर सौरक्षेत्राची माणसं लोखंडी खुंट्या घेऊन आपली वेळ यायची वाट बघत बसली होती.

वहिनीने चप्पल काढली. गेंद इतका बुटका, की हळदी-कुंकवाचं बोट टेकवायला तिला जवळजवळ आडवं व्हावं लागलं. मी म्हणणार होते, झाडाला लावू नकोस, बी घेतायत. पण तिने बोट झाडाशेजारच्या कातळाला टेकवलं. खण मांडला, नारळ ठेवला, ओंजळीत तांदूळ घेतले.

"नाव काय घेऊ हिचां?"

"शास्त्रातलं आहे, वयनी. लॅटिन."

"ता तुमच्या कागदाचां. माका नको." ती जरा थांबली. "बाय," ती म्हणाली. "सांभाळून जा गो बाय. तुझ्या वाटचां आमी घेतलंव. राग धरू नको."

इरफान पाकीट दोन्ही हातांत धरून बाजूला उभा होता. वहिनीने त्याच्याकडे बघितलं. "पोरा, लय थंड ठेवतास हिका?"

"उणे वीस, काकी."

"अगो बाई! जरा कमी थंड नाय चलूचां?"

"नाही, काकी. त्याहून ऊब दिली तर बी मरेल. तिथे मात्र शंभर वर्षंही जगेल."

वहिनीने ते मनाशी तोलून पाहिलं. मैथिली तिच्या शेजारी बसली होती; वहिनीने न बघताच तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मगे तसांच ठेव," ती म्हणाली. "सासर कसांय असांदे, पोर जगाक व्हयी."

सौरक्षेत्राचा माणूस खुंटी घेऊन पुढे आला. वहिनीने वर न बघता तळहात दाखवून त्याला थांबवलं, आणि ओंजळीतले तांदूळ सावकाश कातळावर सोडत राहिली.